आधी मागू द्या, नावं नंतर विचारा

समोर चाळीस चित्रकार्डं धरली तर चाळीसच्या चाळीस ओळखणारं मूल तहान लागली की मोठ्यांचं मनगट धरून त्यांना पाण्यापर्यंत ओढत नेतं, आणि जवळपास कुणी नसेल तर जमिनीवर डोकं आपटतं. 'पाणी' हा शब्द त्याला येत नाही असं नाही. कार्डावरचा पेला पाहून तो शब्द ते बिनचूक उच्चारतं. घरच्यांना वाटतं, येतंय सगळं, मुद्दाम करतंय. शाळेच्या अहवालात 'शब्दसंग्रह समाधानकारक' असा शेरा असतो. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसोबत काम करणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. पण यात मुलाचा हट्ट शोधणं जितकं चुकीचं, तितकंच त्या शेऱ्यावर समाधान मानणंही.

वस्तू दिसल्यावर तिचं नाव सांगणं आणि हवी असताना ती मागणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्येच भाषेची अशी कामावरून विभागणी केली होती. मागणीला त्यांनी 'मँड' म्हटलं, नाव सांगण्याला 'टॅक्ट'. नाव सांगितलं की शाबासकी मिळते, मागितलं की मागितलेली गोष्ट मिळते. नाव सांगायला समोर चित्र असावं लागतं. मागायला आत इच्छा असावी लागते, आणि वस्तू तर बऱ्याचदा नजरेआडच असते. इतर मुलं एका कामासाठी शिकलेला शब्द दुसऱ्या कामाला सहज वापरू लागतात. बऱ्याच स्वमग्न मुलांच्या बाबतीत हे आपोआप होत नाही, ते वेगळं शिकवावं लागतं. तरी अनेक वर्गांत क्रम ठरलेला असतो: आधी खुर्चीत बसणं, मग नजरेला नजर, मग रंग, फळं, प्राणी, वाहनं. मागणं सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. हा क्रम उलटा आहे. ज्या मुलाचं बोलणं नाही किंवा तुरळक आहे, त्याच्या शिक्षण आराखड्यात पहिलं उद्दिष्ट मागणीचं असावं, 'नको' म्हणणंही त्यातच धरावं, आणि मूल तोंडानं मागतं, खुणेनं, चित्रानं की बटण दाबल्यावर शब्द बोलणाऱ्या यंत्रानं, हा मुद्दा दुय्यम मानावा, असं आमचं ठाम मत आहे.

यामागचं पहिलं कारण व्यवहारातलं आहे. डोकं आपटणं, चावणं, वस्तू भिरकावणं यातलं बरंचसं वागणं काहीतरी मिळवण्यासाठी किंवा टाळण्यासाठी असतं, आणि त्यातून काम होतं म्हणून ते टिकतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये विकासात्मक अडचणी असलेल्या चार मुलांवर केलेला अभ्यास आजही या विषयात पायाभूत मानतात. त्रासदायक वागणं एक तर काम अवघड झालं की उफाळायचं, नाही तर मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. मुलांना दोन वाक्यं शिकवली: एक 'मला कळत नाही' अशा अर्थाचं, म्हणजे मदत मिळवून देणारं, दुसरं 'माझं काम बरं चाललंय का?' असं विचारून लक्ष वेधून घेणारं. अडचणीला लागू पडणारं वाक्य हाती आलं की ते वागणं ओसरलं. लागू न पडणारं वाक्य मुलांनी म्हटलं तरी फरक पडला नाही. शिकवणाऱ्यांनी हा दुसरा निष्कर्ष जास्त लक्षात ठेवावा. अवघड कामापासून सुटका हवी असलेल्या मुलाला 'बिस्कीट' मागायला शिकवून त्याचं डोकं आपटणं थांबत नाही. त्या वागण्याच्या लगेच आधी काय घडलं आणि लगेच नंतर मुलाच्या पदरात काय पडलं, हे काही दिवस लिहून काढायचं, आणि तेच पदरात पाडणारी सोपी मागणी शिकवायची. सोपी म्हणजे चावण्यापेक्षा सोपी. चावल्यावर दोन सेकंदांत वही बाजूला होत असेल आणि 'सुट्टी'चं कार्ड दिल्यावर 'एवढं संपव, मग' असं ऐकावं लागत असेल, तर मूल चावेलच. त्याच्या बाजूनं पाहिलं तर ते शहाणपणाचंच आहे.

शिकवताना सगळ्यात जास्त घोळ पहिल्याच पायरीवर होतो. मुलाला काहीच नको असतं त्या क्षणी त्याला मागायला लावलं जातं. पोट भरलेल्या मुलासमोर बिस्कीट धरून 'बोल, बिस्कीट' म्हणायचं आणि त्यानं म्हटलं की वहीत मागणीची खूण करायची. ही झाली नक्कल. जॅक मायकेल यांनी १९८२ मध्ये या गोष्टीची नीट मांडणी केली: एखाद्या वस्तूची किंमत त्या त्या घटकेला ठरते, ती काही वेळ मिळाली नाही की वाढते आणि मिळतच राहिली की उतरते. म्हणून शिकवायला बसण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं पाहावं. मोकळं सोडल्यावर मूल कशाकडे जातं, काय नाहीसं झालं तर शोधतं, कशात किती वेळ रमतं. पाच-सहा वस्तू ओळीनं मांडून एक उचलू द्यायची, ती बाजूला ठेवायची, उरलेल्यांतून पुन्हा उचलू द्यायचं. दहा मिनिटांत पसंतीचा क्रम हाती येतो. पण हा क्रम शिळा होतो. फाइलला लावलेली सहा महिन्यांपूर्वीची 'आवडीच्या वस्तूंची यादी' काढून त्यावर सकाळचं सत्र घेणं निरर्थक आहे. रोज सुरुवातीला दोन-तीन वस्तू समोर धरून मूल हात पुढे करतं का एवढं तरी पाहावं.

पहिल्या चार-पाच मागण्या निवडताना काही पथ्यं पाळावी लागतात. गोष्ट तुकड्यातुकड्यानं देता आली पाहिजे, म्हणजे पाच मिनिटांत पंधरा-वीस संधी मिळतात: बुडबुडे, झोक्याचा एक झोका, गुदगुल्या, गाण्याची एक ओळ, चेंडू लोटणं, पाण्याचा घोट. सगळ्या मागण्या खाण्याच्या नकोत. जेवण झालं की शिकवणं संपतं. उच्चार किंवा खुणा एकमेकांसारख्या नकोत. 'पाणी' आणि 'गाणी' एकदम शिकवायला घेतले की दोन्ही महिनाभर लांबतात. आणि पहिली मागणी 'शू'ची नको. शाळांचा आग्रह नेमका तिथेच असतो, तो समजण्यासारखाही आहे, पण सुरुवातीला तिथे जाण्याची निकड मोठ्यांना जास्त असते. मुलाला ज्यात रस आहे तिथे मागण्याची ताकद आधी कळू द्यावी.

'अजून', 'हवं', 'प्लीज' हे शब्द पहिले शिकवू नयेत, यावर या क्षेत्रातही एकमत नाही. ते पहिले शिकवायला आमचा अनुभवाधारित विरोध आहे. एका खुणेत सगळं मिळतं म्हणून ते सोयीचे वाटतात. वस्तू समोर असेपर्यंत चालतंही. मग एके दिवशी मूल रिकाम्या खोलीत उभं राहून 'अजून, अजून' करत राहतं, मोठी माणसं एकेक वस्तू आणून दाखवतात, कुठलीच ती नसते, आणि प्रकरण किंचाळण्यापर्यंत जातं. नंतर वेगवेगळे शब्द शिकवायला गेलं तर जुना सर्वसमावेशक शब्द वाटेत आडवा येतो, कारण तो आजवर कधी वाया गेलेला नसतो. वाक्याची घाईही अशीच नडते. 'मला चेंडू हवा', 'मला गाडी हवी' यात आधी 'मला', शेवटी 'हवा' किंवा 'हवी'; वेगळा शब्द मधे, आणि उच्चार अस्पष्ट असलेल्या मुलाच्या तोंडी तोच गिळला जातो. ऐकणाऱ्याला वाक्य ऐकल्याचं समाधान मिळतं, मागणी काही कळत नाही. नुसतं 'चेंडू' पुरेसं आहे. पुरेशा वेगवेगळ्या गोष्टी मूल आपणहून मागू लागलं की वाक्याला भरपूर वेळ आहे. 'प्लीज'ला तर त्याहून.

आता माध्यमाचं. 'चित्रं दिली तर बोलणारच नाही, आधी बोलू दे' हा सल्ला अजून दिला जातो आणि तो मुलांची वर्षं खातो. शाळेच्या वयात आल्यावरही सुमारे ३० टक्के स्वमग्न मुलांच्या तोंडी अगदी मोजके शब्द असतात. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये पर्यायी संवादसाधनांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या भक्कम पुराव्याच्या अभ्यासांत विकासात्मक अडचणी असलेल्या २७ जणांच्या नोंदी होत्या: ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं, ११ टक्के जणांत फरक पडला नाही, एकाचंही कमी झालं नाही. वाढ बऱ्याचदा थोडीच होती, हेही सांगायला हवं. चित्रं दिली म्हणून बोलणं येईलच असा दावा कुणी करू नये. कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५ ते ८ वर्षांच्या, फार थोडं बोलणाऱ्या ६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळातून शिकवण्याच्या जोडीला ज्यांच्या हाती पहिल्या दिवसापासून बोलणारं यंत्र होतं, ती मुलं यंत्राविना सुरुवात केलेल्यांपेक्षा आपणहून जास्त बोलती झाली. चित्रामुळे किंवा यंत्रामुळे बोलणं मागे पडेल ही भीती आता सोडून द्यायला हरकत नाही.

कोणतं माध्यम घ्यायचं ते मूल पाहून ठरतं. हातांची नक्कल जमत असेल तर खुणा चांगल्या. हात कधी घरी विसरत नाहीत. पण बोटांवर ताबा कमी असेल तर सगळ्या खुणा सारख्या दिसतात, आणि बाहेरच्या माणसाला त्या कळत नाहीत. चित्र कुणालाही कळतं, मात्र ते जवळ असावं लागतं. यंत्राचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू जातो, हा त्याचा मोठा गुण. चार्जिंग संपतं, हा दोष, म्हणून छापील तक्ता सोबत हवाच. जे माध्यम निवडाल ते दिवसभर मुलाच्या हाताशी असलं पाहिजे. सत्र संपल्यावर चित्रांची वही कपाटात कुलूपबंद करणारी माणसं 'हे मूल वही वापरत नाही' अशी तक्रारही करतात.

चित्र देऊन वस्तू घेण्याची पद्धत, पेक्स, अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये तयार केली. तिचे सहा टप्पे आहेत आणि पहिले दोन सर्रास बिघडवले जातात. पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, हातात वस्तू घेऊन, गप्प. दुसरं मुलाच्या मागे, तेही गप्प. मुलानं वस्तूकडे हात नेला की मागच्या माणसानं तो हात चित्राकडे वळवायचा, चित्र उचलून समोरच्या तळव्यावर सोडायला मदत करायची. चित्र तळव्यावर पडताक्षणी समोरचा माणूस 'चेंडू!' म्हणत चेंडू देतो. कुणी 'काय हवंय?' विचारायचं नाही, 'दे' म्हणायचं नाही. मग मागच्याची मदत शेवटाकडून कमी करत न्यायची: आधी तळव्यावर सोडणं मुलावर, मग पुढे नेणं, शेवटी उचलणं. माणूस कमी आहे म्हणून हे एकट्यानं केलं तर समोरचाच मदतही करतो आणि वस्तूही देतो. मूल त्याच्या हाताची वाट पाहायला शिकतं, पुढाकार कधी येत नाही. दुसरा टप्पा अंतराचा. वस्तू देणारा एकेक पाऊल मागे सरकतो, मग चित्रांची वही दूर जाते, मग देणाऱ्याची पाठ वळलेली असते. हा टप्पा गाळून थेट चित्रांतला फरक ओळखायला लावलं, तर मूल टेबलावर हुशार ठरतं आणि घरी चित्र हातात घेऊन भिंतीकडे पाहत बसतं. मागायला माणूस गाठावा लागतो, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

एका प्रकारापासून मात्र दूर राहा. मुलाचं मनगट, कोपर किंवा खांदा धरून त्याच्याकडून अक्षरं टिपवून घ्यायची आणि त्यातून आलेली वाक्यं त्याची मानायची, ही 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' पद्धत १९९० च्या दशकातच चाचण्यांत नापास झाली. मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं की उत्तर धरणाऱ्याच्या चित्राचं यायचं. अक्षरफळा हवेत धरून टिपवून घेण्याची 'रॅपिड प्रॉम्प्टिंग' पद्धतही अमेरिकेच्या वाक्-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये शिफारशीयोग्य नसल्याचं सांगितलं. सुंदर वाक्यं वाचून पालकांचे डोळे भरून येतात, आणि मुलाची खरी मागणी तशीच राहते.

प्रत्यक्ष शिकवणं कसं दिसतं ते बुडबुड्यांवर पाहू. बाटली तुमच्या हातात. पहिल्या दोन फुंकरी फुकट, काही न मागता. मूल फुटणारे बुडबुडे पाहतं, जवळ येतं, काडीकडे हात नेतं. हा क्षण. लगेच, एकही प्रश्न न विचारता, तुम्ही 'बुडबुडे' म्हणता (खूण शिकवत असाल तर हात धरून खूण करून घेता), मुलाकडून 'बु' आलं की फुंकर. चार-पाच बुडबुडे पुरेत. सगळी बाटली एकदम संपवायची नाही. अशा पाच-सहा फेऱ्या तत्काळ मदतीच्या. मग काडी ओठांजवळ नेऊन थांबायचं, दोन सेकंद, चेहऱ्यावर नुसती वाट. पुढच्या फेऱ्यांत चार-पाच सेकंद. या शांततेत मुलानं आपणहून 'बु' म्हटलं तर नेहमीपेक्षा मोठी फुंकर, खोलीभर बुडबुडे. नाही म्हटलं तर पुन्हा मदत, रागावणं नाही. मार्जोरी चार्लॉप आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये स्वमग्न मुलांना हीच थांबण्याची पद्धत वापरून आपणहून मागायला शिकवलं होतं. त्यानंतर काडी पाठीमागे. मग बंद बाटली फळीवर. मग बाटली दुसऱ्या खोलीत. वस्तू न दिसता मागणी आली, तेव्हा ती पक्की झाली असं म्हणता येतं. आणि मुलाला अजून हवं असतानाच थांबायचं, उद्यासाठी. त्यानं मान फिरवली तर विषय संपला. बाटली ठेवून द्या.

'बु' स्वीकारायचं की 'बुडबुडे'ची वाट पाहायची? सत्र सुरू होण्याआधी ठरवा आणि मधेच बदलू नका. 'नीट म्हण', 'पूर्ण म्हण', 'मोठ्यानं म्हण' असे तीन अडथळे लागोपाठ घातले की मूल उठून जातं, आणि दुसऱ्या दिवशी 'बु'सुद्धा येत नाही. नजरेला नजर देण्याची अट तर घालूच नये. डोळ्यांत न पाहता मागितलेलं पाणीही पाणीच असतं.

'काय हवंय?' हा प्रश्न वरवर निरुपद्रवी आहे. दर वेळी तो विचारला गेला की मूल प्रश्नाला उत्तर द्यायला शिकतं, मागायला नाही. प्रश्न आला नाही तर तहानलेलं बसून राहतं. त्याची आणखी एक खूण ओळखू येते. मूल येऊन 'पाणी हवंय?' असं शेवटी सूर चढवून म्हणतं. ते विचारत नसतं, मागत असतं. मोठ्यांनी प्रत्येक वेळी 'पाणी हवंय?' म्हणत पेला दिलेला असतो, म्हणून पेला मिळवण्याचे शब्द तेच, असं त्यानं बरोबर टिपलेलं असतं. अशा वेळी दुरुस्तीचं व्याख्यान न देता पेला देताना मुलाच्या तोंडी शोभेल तेवढंच म्हणावं: 'पाणी.'

खुणा वापरणाऱ्या मुलांत एक वेगळीच गडबड होते. मूल येणाऱ्या सगळ्या खुणा एकामागून एक करतं, चेंडू-पाणी-झोका-गाडी, कुठली तरी लागेल म्हणून. याचं कारण मोठ्यांनी त्या ओळीतली शेवटची बरोबर खूण पाहून वस्तू दिलेली असते. उपाय असा की ओळ सुरू झाली की काहीच द्यायचं नाही, हात दोन-तीन सेकंद स्थिर होऊ द्यायचे, मग एकाच योग्य खुणेला मदत करायची, आणि लगेच नवी संधी द्यायची जिथे पहिलीच खूण बरोबर येईल. पुढच्या वेळी तीच मागणी दुसऱ्या माणसाकडे, दुसऱ्या खोलीत, वेगळ्या रंगाच्या चेंडूवर. एका शिक्षिकेकडेच येणारी मागणी अर्धवट शिकलेली आहे, मग वहीत कितीही टक्के लिहिलेले असोत.

'नको'कडे संस्था फार नाखुशीनं पाहतात. हवी असलेली वस्तू मागणं कौतुकाचं, पण मूल 'नको', 'थांब', 'पुरे', 'इथून जायचंय' म्हणू लागलं की शिस्तीचा प्रश्न होतो. खरं तर कित्येक मुलांना मागायचं असतं ते हेच: गोंगाट थांबवा, हा स्पर्श नको, हे काम जमत नाही. 'नको' शिकवायला सौम्य नावडती गोष्ट घ्यावी, भीतीची नाही. नावडतं खेळणं हळूच पुढे करायचं, मुलानं हात झटकण्याआधी 'नको'ची खूण किंवा कार्ड करून घ्यायचं, खेळणं लगेच मागे. सुरुवातीला प्रत्येक 'नको' पाळायचा. पाळता येणार नाही अशा ठिकाणी, औषध देताना किंवा रस्ता ओलांडताना, तो शिकवायला घ्यायचाच नाही. पहिल्या आठवड्यात 'नको' दोनदा वाया गेला तर मूल पुन्हा ढकलण्याकडे वळतं. ज्या मुलाला मोठ्यांचं सगळं मुकाट्यानं करू देण्याची सवय लावली, ते नकोशा स्पर्शाला तरी कसं अडवणार, हा प्रश्न 'आमच्याकडे मुलं फार आज्ञाधारक आहेत' असं सांगणाऱ्यांना विचारायला हवा.

मदतीची मागणी वेगळ्या युक्तीनं येते. मुलाला पूर्ण येत असलेलं काम मधेच अडकवायचं: कोड्याचा शेवटचा तुकडा नाही, पारदर्शक डब्याचं झाकण घट्ट आहे, एकच बूट सापडतोय. हॉल आणि संडबर्ग यांनी १९८७ मध्ये याच रीतीनं, समोर नसलेली वस्तू मागायला शिकवलं होतं. पद्धत उत्तम आहे, म्हणूनच तिचा अतिरेक होतो. दिवसभर प्रत्येक डबा घट्ट, प्रत्येक खेळणं उंच फळीवर, हा छळ आहे.

दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. पहिला घरातून: मागेल ते दिलं तर लाडावेल. मागितलं की मिळतं, हा विश्वास बसेपर्यंत तरी द्यावंच लागतं, यात तडजोड नाही. मागणी वेगवेगळ्या माणसांकडे मदतीशिवाय येऊ लागली की थांबणं शिकवायचं, तेही पायरीनं: 'थांब'चं कार्ड हातात, एक सेकंद, आणि वस्तू. मग दोन, पाच, दहा, तीस सेकंद. दर वेळी शेवटी वस्तू मिळालीच पाहिजे. नंतर हिरवं कार्ड असेल तेव्हा मागितलेलं मिळेल, लाल असेल तेव्हा नाही, असं वेळेचं गणित दाखवता येतं. संपलेली गोष्ट असेल तर रिकामा डबा दाखवून 'संपलं' म्हणायचं आणि दोन पर्याय पुढे करायचे. सगळ्यात वाईट म्हणजे मागणी ऐकूच आली नाही असं दाखवणं. दहा सेकंदांवरून एकदम पाच मिनिटांवर उडी मारली की चावणं परत येतं. अशा वेळी दोन पायऱ्या खाली यावं. जुन्या वागण्यातून काही मिळेनासं झालं की ते ओसरण्याआधी काही काळ वाढतं, हेही घरच्यांना आधी सांगावं, नाहीतर नेमक्या त्या दिवशी सगळे हार मानतात. मूल स्वतःला इजा करत असेल तर हे घरी एकट्यानं करू नये, अनुभवी तज्ज्ञ सोबत हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो स्वतः ऑटिस्टिक असलेल्या प्रौढांकडून येतो: मुलाच्या आवडीच्या गोष्टी अडवून धरायच्या आणि बोलल्याशिवाय द्यायच्या नाहीत, ही अडवणूकच नाही का? अनेक ठिकाणी ती तशीच असते. म्हणून एक रेघ आखून घ्यावी. पाणी, जेवण, स्वच्छतागृह, झोप, अंगाला चिकटलेली आवडती गोधडी, आणि संवादाचं साधन यांवर कधीही अट नको. पाण्याचा घोट शिकवायला घेतला तरी पाच सेकंदांत शब्द नाही आला तर घोट द्यायचाच. शिकवणं जादाच्या गोष्टींवर चालावं: आणखी एक झोका, आणखी एक गाणं. या प्रौढांचा आणखी एक मुद्दा आम्हाला मान्य आहे. संवाद म्हणजे नुसती मागणी नव्हे. आकाशातलं विमान कुणाला तरी दाखवावंसं वाटणं ही वेगळी गोष्ट आहे, ती मागणीतून आपोआप उगवत नाही, आणि चित्रांच्या वहीत चाळीस खाऊ-खेळण्यांची चित्रं असून 'बघ' साठी एकही नसेल तर वही अपुरी आहे. मागणीनं सुरुवात करा म्हणणं वेगळं आणि तिथेच थांबा म्हणणं वेगळं.

मग शाळेला आणि थेरपी केंद्राला पालकांनी काय विचारावं? ओळखलेल्या चित्रांची संख्या बाजूला ठेवून विचारावं: गेल्या आठवड्यात माझ्या मुलानं आपणहून, कुणी न विचारता, किती वेळा मागितलं? मदतीनं किती वेळा? किती वेगवेगळ्या गोष्टी, किती माणसांकडे, टेबलापासून दूर किती? 'नको' किती वेळा आलं आणि त्यातलं किती पाळलं? या नोंदीला मोठी यंत्रणा लागत नाही. दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं रेघा मारल्या तरी चित्र दिसतं. शिक्षक बदलताना नव्या शिक्षकाच्या हाती तीन रकान्यांचा एक कागद द्यावा: मूल काय करतं, त्याचा अर्थ काय, तुम्ही काय करायचं. 'कानावर हात ठेवून दाराकडे जातं. आवाज सहन होत नाही. सुट्टीचं कार्ड पुढे करा आणि बाहेर न्या.' अशा पंधरा-वीस ओळी. आणि नोंदवहीत एक रकाना मोठ्यांसाठीही हवा: मागणी आल्यावर प्रतिसाद किती सेकंदांत दिला, आणि कितींना दिलाच नाही. आराखड्याच्या बैठकीत हा रकाना रिकामा आला, तर मुलाच्या प्रगतीबद्दल बोलण्याआधी तो का रिकामा आहे ते विचारावं.